जादूनगरीचा जमाखर्च

मदारी हवेतून रुपया काढतो. पोराच्या कानामागून दुसरा, म्हाताऱ्याच्या टोपीतून तिसरा. खेळ संपला की तोच मदारी चादर पसरून चार-आठ आणे मागत फिरतो. नांदेड-लातूरकडच्या आठवडी बाजारांत वाढलेल्या माणसाला हा खेळ नवा नाही. 'इतके रुपये निघतात तर मागतोस कशाला?' हा गर्दीतून येणारा प्रश्नही त्याने ऐकलेला असतो. त्यावर मदारी हसतो आणि पुढे सरकतो.

जादूच्या साहित्याची समीक्षा याच प्रश्नापासून सुरू व्हावी, असे आम्हांस वाटते. ज्या समाजात कांडी फिरवली की घर झाडले जाते, ताटे भरतात, लोखंडाचे सोने होते, त्या समाजात गरीब कोण असतो? तिथे कुणी कुणाची चाकरी का करावी? नाण्याला किंमत का असावी? आणि असा समाज आपल्यापासून लपून राहत असेल, तर लपण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो? हे प्रश्न कुणाला पोरकट वाटतील. पण चमत्काराचे वर्णन कुणालाही जमते. चमत्काराची किंमत कोण मोजतो हे ज्या लेखकाला ठाऊक असते, त्याचीच जादूनगरी वाचकाला खरी वाटते. या लेखात आम्ही तीन जादूनगऱ्यांची वही उघडून पाहणार आहोत. एक विलायतेची, दुसरी आपल्या किस्से-दास्तानांतली, आणि तिसरी आपल्या दोन जिल्ह्यांत आजही चालू असलेली.

त्याआधी एक खंत. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या साहित्याची चर्चा जोमाने सुरू झाली. दारिद्र्य, दंगली, तलाक, भाषा, ओळख हे विषय त्या चर्चेत आले आणि ते यायलाच हवे होते. दास्तान मात्र दाराबाहेर राहिली. कुणी ती उर्दूची मिळकत म्हणून सोडून दिली, कुणी रिकामटेकड्या नवाबांची करमणूक म्हणून, तर कुणी अंधश्रद्धेचे भांडार म्हणून. निजामी राजवटीत आपल्या आजोबांची पिढी उर्दूत शिकली. 'हातिमताई', 'गुलबकावली', 'अमीर हमजा' ही नावे त्या पिढीच्या तोंडी होती. आपण मराठीत लिहू लागलो आणि ते गाठोडे माळ्यावर गेले. ते उतरवून झटकून पाहण्याची वेळ आली आहे, एवढेच आमचे म्हणणे.

आता विलायती नगरीपासून सुरुवात करू. जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटरची मालिका १९९७ ते २००७ या दहा वर्षांत पुरी झाली. ती मराठीतही आली आणि आपल्या घरांतली मुले ती वाचत मोठी झाली. या कथेत जादूगारांचा समाज सामान्य लोकांपासून दडून राहतो. त्यांची स्वतःची बँक आहे, स्वतःचे नाणे आहे. २९ कनटांचा एक सिकल, १७ सिकलांचा एक सोन्याचा गॅलिअन. हॅरीची पहिली कांडी सात गॅलिअनला मिळते. सामान्य घरातून आलेल्या हर्मायनीचे आईवडील बँकेत पौंड देऊन जादूगारांची नाणी घेतात.

इथे लातूरचा वाचक लंडनच्या वाचकापेक्षा हुशार ठरतो, कारण एका देशात दोन नाणी ही गोष्ट त्याच्या घरात होऊन गेलेली आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात हाली सिक्का चाले आणि हद्द ओलांडली की इंग्रजांचा कलदार. बार्शी इंग्रजी मुलुखात, लातूर निजामी मुलुखात. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोहोचली आणि दोन नाण्यांच्या मधला व्यवहार वाढला. भाव साधारण सात हालीला सहा कलदार असा. पण साधारण म्हणजे नेमका नव्हे. नाणे बदलून घ्यायचे तर सराफ बट्टा कापायचा. माल तिकडे जाताना एक हिशेब, पैसा इकडे येताना दुसरा. या मधल्या फटीत सराफ जगले, दलाल जगले, चोरून माल नेणारे जगले. १९५० च्या दशकात हाली कायमचा बंद झाला, पण 'कलदार' हा शब्द अजून आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी खणखणीत मालासाठी येतो.

म्हणून आमचा रोलिंगबाईंना पहिला प्रश्न असा की, तुमच्या नगरीत बट्टा कुठे आहे? जिथे दोन नाणी असतात तिथे त्यांच्यामधली फट असते आणि त्या फटीवर जगणारी माणसेही असतात. सोन्याचा गॅलिअन बाहेर नेऊन वितळवला तर काय मिळेल, हा विचार त्या अख्ख्या समाजात एकालाही सुचू नये? लपलेल्या समाजाची खरी परीक्षा वेशीवर होते. वेस तर त्यांनी छान रंगवली आहे. भिंतीच्या विटा सरकतात आणि आत बाजार उघडतो. पण वेशीवर नाका नाही, नाकेदार नाही, हप्ता नाही. निजामी हद्दीत पिढ्या काढलेल्या माणसाला अशी वेस पटत नाही.

तरीही त्यांच्या वहीतली काही पाने खरी आहेत. शेवटच्या पुस्तकात एक नियम येतो की, अन्न शून्यातून निर्माण करता येत नाही. ते कुठे आहे हे माहीत असेल तर बोलावता येते, असलेले वाढवता येते, पण काहीच नसताना ताट भरत नाही. हा एक नियम नसता तर ती सारी कथा कोसळली असती. जादूला जे करता येत नाही, त्यावरच जादूच्या समाजाचे अर्थशास्त्र उभे राहते. सर्व काही करता आले असते तर रॉन वीझलीचे कुटुंब गरीब राहिलेच नसते आणि ल्यूपिन नावाच्या गुरुजींना ठिगळाचा झगा घालून नोकरी शोधावी लागली नसती. दुसरे खरे पान लेप्रकॉनच्या सोन्याचे. खेळाच्या मैदानावर आकाशातून नाण्यांचा पाऊस पडतो. रॉन मूठ भरून ती नाणी हॅरीला देतो, उधारी फिटली म्हणून खूश होतो. काही तासांनी ती नाणी नाहीशी होतात. ते त्याला कळते महिन्यांनी, आणि तेव्हा तो ओशाळतो. हॅरीच्या लक्षातही आलेले नसते की आपल्या खिशातून इतके सोने गेले. श्रीमंताला खोटे नाणे टोचत नाही, गरिबाला ते आयुष्यभर आठवते. एवढ्याशा प्रसंगात लेखिकेने दोन घरांतले अंतर दाखवले आहे.

मग अन्न येते कुठून? तिथे शेतकरी दिसत नाही. हॅग्रिडचे भोपळे आणि वीझलींच्या कोंबड्या सोडल्या तर पिकवणारा हात नाही. शिजवणारा हात मात्र आहे, पण जमिनीखाली. शाळेच्या भोजनगृहात ताटे आपोआप भरतात असे मुलांना तीन पुस्तके वाटत राहते. चौथ्या पुस्तकात कळते की खाली मुदपाकखान्यात शंभरावर एल्फ राबतात, बिनपगारी, बिनसुट्टीचे. हर्मायनी त्यांच्यासाठी संघटना काढते आणि बाकीचे तिला हसतात. डॉबी नावाचा मुक्त एल्फ पगार मागतो. मुख्याध्यापक आठवड्याला दहा गॅलिअन देऊ करतात, तर तोच घासाघीस करून एका गॅलिअनवर आणतो, कारण जास्त पैशाची त्याला भीती वाटते. गुलामीने माणसाचे काय होते हे इतक्या थोडक्यात क्वचित लिहिले गेले असेल. दुःख एवढेच की, मालिका संपते तेव्हा मुदपाकखाना जिथल्या तिथे राहतो. युद्ध जिंकले जाते, पण स्वयंपाक कोण करतो हा प्रश्न कुणी पुन्हा विचारत नाही.

आणखी एक धागा आमच्या मनात रेंगाळतो. त्या कथेतले गॉब्लिन कारागीर असे मानतात की घडवलेली वस्तू शेवटी घडवणाऱ्याचीच. विकत घेणारा फक्त त्याच्या हयातीपुरता भाडेकरू. तो मेला की वस्तू परत यावी. जादूगारांना ही बदमाशी वाटते. उदगीरपासून जवळच असलेल्या बीदरच्या बिदरी कारागिराला विचारून पाहावे. काळ्या धातूत चांदीची तार ठोकून हुक्क्याचे भांडे घडवणाऱ्याचे नाव वस्तूवर नसते, ते ज्याच्या दिवाणखान्यात असते त्याचे नाव होते. तो कारागीर गॉब्लिनची बाजू घेईल असा आमचा कयास आहे.

आता आपल्याकडच्या वहीकडे वळू. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या नावाने अलिफ लैला मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या भाषांतरातून. म्हणजे मराठी गद्याच्या उभारणीतच हे पुस्तक आहे. त्यातली अल्लादीनची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तिच्यातला बाजार लक्षात राहत नाही. दिव्याचा जिन्न अल्लादीन आणि त्याच्या आईला जेवण आणून देतो ते चांदीच्या थाळ्यांतून. जेवण संपते, थाळ्या उरतात. मायलेक एकेक थाळी विकून दिवस काढतात. ज्याच्या हाती जगातला सगळ्यात बलाढ्य जिन्न आहे तो मुलगा बाजारात भाव न कळल्यामुळे ठकतो. पहिला गिऱ्हाईक थाळीमागे त्याला एक मोहोर टेकवतो. पुढे एक सच्चा सोनार वजन करून खरी किंमत सांगतो, तेव्हा मुलाला कळते की इतके दिवस आपण लुटले गेलो. जिन्न थाळी देऊ शकतो, तिचा भाव देऊ शकत नाही. भाव बाजारात ठरतो आणि बाजारात अजाण माणूस जिन्नासकट लुटला जातो.

त्याच पुस्तकात न्हाव्याच्या सहा भावांच्या गोष्टी आहेत. चौथा भाऊ खाटीक. त्याच्याकडे एक पांढऱ्या दाढीचा शेख रोज मांस घेतो आणि लखलखीत नवी नाणी देतो. खाटकाला ती इतकी आवडतात की तो ती वेगळ्या पेटीत साठवतो. पाच महिन्यांनी पेटी उघडतो तर आत कागदाच्या गोल चकत्या! तो शेखला भर बाजारात धरतो. शेख उलट ओरडतो की हा माणूस मेंढ्याच्या नावाखाली माणसाचे मांस विकतो. लोक दुकानात धावतात आणि शेखच्या जादूने त्यांना टांगलेल्या बकऱ्याच्या जागी माणूस दिसतो. मग खाटकाला मार बसतो, त्याचा डोळा जातो, माल जातो. शेखला कुणी हात लावत नाही.

जादूच्या बाजाराचे इतके नेमके चित्र आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही. ज्याने खरा माल दिला तो बुडाला, ज्याने कागद दिला तो पांढऱ्या दाढीसकट सुटला. आणि बुडालेल्याने तोंड उघडले तेव्हा तोच गुन्हेगार ठरला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. लातूर-नांदेडच्या खेड्यांत ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

दास्तानांचा राजा म्हणजे 'तिलिस्म-ए-होशरुबा'. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ ते १८९३ या काळात तो सात खंडांत छापला. आधीचे खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, नंतरचे अहमद हुसैन कमर यांचे. अमीर हमजाच्या छापील दास्तानांचे एकूण ४६ खंड होतात आणि शम्सुर्रहमान फारुकी यांनी ते जमवून, वाचून, त्यांचे शास्त्र मांडण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घातली. होशरुबा ही जादूगारांची सल्तनत. तिचे तीन भाग: जाहिर, बातिन आणि जुल्मात. जाहिर म्हणजे दिसणारा मुलूख, बातिन म्हणजे दडलेला, जुल्मात म्हणजे अंधाराचा. जाहिर आणि बातिन यांच्यामधून रक्ताची नदी वाहते. बादशहा अफरासियाब तिन्ही भागांत फिरतो, सामान्य प्रजेला ती मुभा नाही.

म्हणजे इथे जादूचा समाज बाहेरच्या जगापासून तर वेगळा आहेच, शिवाय स्वतःच्या पोटातही तो दिसणारा आणि दडलेला असा विभागला आहे. दरबारातली बडी मंडळी बातिनमध्ये, बाकीचे जाहिरमध्ये. रोलिंगच्या वेशीवर जो नाका आम्हांला सापडला नाही, तो इथे नदीच्या रूपाने आहे आणि त्या नदीत पाणी नसून रक्त आहे. वेगळेपणाची किंमत कशात मोजली जाते हे दास्तानगोला सांगावे लागत नाही, ते नदीच दाखवते.

दास्तानचा दुसरा नियम असा की जादूगार मेला की त्याची माया विरते. वादळ उठते, अंधार होतो, 'मी अमुक, मला मारले' असा आवाज येतो, आणि त्याने उभारलेले बाग-महाल नाहीसे होतात. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर जादूची दौलत वारसाला जात नाही. जाहागीर पोराच्या नावावर चढते, जादूचा महाल चढत नाही. खुद्द तिलिस्मचेही आयुष्य आधीच ठरलेले असते. तो कोण तोडणार आणि त्याची लौह कशी मिळणार हे त्याच्या जन्माबरोबर लिहिले जाते. अशा नगरीत कर्ज कोण देईल? तारण काय ठेवणार? सगळ्यांना ठाऊक आहे की ही सल्तनत एक दिवस धुरासारखी जाणार. तरी दरबार भरतो, नजराणे येतात, शिपाई मरतात. ज्यांच्या घरांनी निजामाची सल्तनत १९४८ च्या सप्टेंबरात पाच दिवसांत संपल्याचे ऐकले आहे, त्यांना हे फारसे अद्भुत वाटू नये.

आणि मग अमर अय्यार. हमजाचा बालमित्र, हेरांचा हेर, पहिल्या नंबरचा कंजूष. त्याच्याजवळ जंबील नावाची झोळी आहे. तिच्यात हत्ती, महाल, आख्खी शहरे मावतात आणि ती भरत नाही. एवढी दौलत असूनही तो प्रत्येक कामगिरीआधी गरिबीचे रडगाणे गातो आणि अशरफींच्या थाळ्या ठेवल्याशिवाय पाऊल उचलत नाही. शत्रू मारला की आधी त्याचा दागिना काढतो, मग पुढचे बोलतो. आपल्याकडे अमरला विदूषक समजून सोडून देतात. आमच्या मते तो दास्तानचा मुनीम आहे. हमजाची बहादुरी, शहजाद्यांचे इश्क, जादूगारांची माया या सगळ्या अफाट पसाऱ्यात एकटा अमर विचारतो, 'माझे किती?' आणि तो हे विचारतो म्हणून ऐकणाऱ्याचे पाय जमिनीवर राहतात. गंमत अशी की त्याच्याजवळ जादूगारांची जादू नाही. अय्यारी म्हणजे वेष, बेशुद्धीची दवा, जीभ आणि अक्कल. पीर-पैगंबरांकडून मिळालेल्या चार-दोन वस्तू सोडल्या तर तो मेहनतीवर जगतो. जादूगारांच्या सल्तनतीला खरा धोका या फी घेणाऱ्या कारागिराकडून आहे, आणि अफरासियाब हे ओळखून असतो.

आता तिसरी नगरी. ती कुठल्या पुस्तकात नाही. नांदेड-लातूर आणि शेजारच्या बीदर-धाराशिव पट्ट्यात तिला भानामती म्हणतात. अंगावर बिब्ब्याच्या काळ्या फुल्या उठतात, दोरीवरचे कपडे पेटतात, घरावर दगड येतात, बाया कुत्र्यासारख्या भुंकू लागतात. गाव म्हणते, कुणीतरी केले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी यातल्या अनेक प्रकारांमागचा मानवी हात दाखवून दिला आहे आणि भुंकणाऱ्या बाईच्या मनावरचा ताणही समजावून सांगितला आहे. ते काम मोलाचे आहे. आम्हांला त्यात एका प्रश्नाची भर घालायची आहे, तोच मदारीवाला प्रश्न. या जादूत पैसा कुठून कुठे जातो?

हिशेब मांडला तर चित्र असे दिसते. मांत्रिकाची दक्षिणा, कोंबडे-बकरे, अमावस्येचा फेरा, उताऱ्याचे सामान हे सगळे पीडित घराच्या खात्यावर. 'केले कुणी' याचे नाव सांगण्याचा अधिकार मांत्रिकाकडे, आणि ते नाव बहुधा अशा बाईचे निघते जिच्यामागे माणूस नाही, किंवा अशा घराचे निघते ज्याच्याशी बांधाचा तंटा आहे. नाव निघाले की तिचा सौदा बंद, पाणवठा बंद, कधी गाव बंद. तिची दोन एकर जमीन मग कोण कसतो ते पाहावे. आणि ती बोलली तर? खाटकाची गोष्ट आठवावी. गावाला तिच्या घरात तेच दिसते जे शेखने दाखवले.

गुप्तधनाचे तसेच. कंधार, उदगीर, औसा या किल्ल्यांच्या आसऱ्याने हंड्यांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. हंड्यावर नाग बसतो, पायाळू माणसाला धन दिसते, धन बळी मागते. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात जे खून झाले, त्यात बहुतेक बाया आणि लहान मुली होत्या, आणि त्यामागे पुरलेल्या धनाची आशा होती असा खटला चालला. जादूच्या त्या बाजारात किंमत कुणी मोजली हे वेगळे सांगायला नको.

पण धन पुरते कोण? जो घाबरलेला असतो तो. ज्याला बँक नाही, ज्याला परत येण्याची खात्री नाही तो. पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत हिंसेचा जोर सर्वाधिक होता असे पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले. त्या दिवसांत कित्येक मुसलमान कुटुंबे घरदार टाकून गेली. ओसाड वाड्यांत हंडे आहेत अशी कुजबुज गावोगाव चालते. हंडे असतील किंवा नसतील. पण त्या कुजबुजीत आम्हांला कुणाच्या तरी पळून जाण्याचा आवाज ऐकू येतो. हंड्याची कथा सांगणारा लेखक हंडा पुरणाऱ्या हातांपर्यंत गेला नाही, तर त्याने अर्धीच वही लिहिली.

पाण्याचीही जादू आहे. लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले. त्या काळात आणि त्याआधी, त्यानंतरही, शेतात पाणाड्या फिरतो. तळहातावर नारळ ठेवतो. नारळ उभा राहिला की इथे पाणी. पाणी लागले तर त्याची विद्या, न लागले तर शेतकऱ्याचे नशीब. त्याची बिदागी तशी थोडी. खरा पैसा त्याच्या मागून येणाऱ्या बोअरच्या गाडीचा. तमिळनाडूच्या नंबरपाटीची ती गाडी फुटावर पैसे घेते, मग खाली ओल असो की कोरडा फुफाटा. दिसणाऱ्या नारळामागे न दिसणारी सावकारी उभी असते, ती बोअरसाठी कर्ज देते. जाहिरमध्ये पाणाड्या, बातिनमध्ये सावकार. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाबरोबर जलस्रोताच्या शोधाच्या निमित्ताने केलेल्या अघोरी कृत्यांचाही उल्लेख आहे. निव्वळ नारळ धरणारा पाणाड्या त्यात येत नाही आणि त्याच्यामागचा सावकार तर नाहीच. पण धन आणि पाणी एका ओळीत यावे, यातच मराठवाड्याची अवस्था कळते.

हे सारे लिहिताना आपला मोहल्ला वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दर्ग्यावर मनाची शांती शोधायला जाणाऱ्या बाईशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते तावीज-गंड्यांची दुकानदारी करणाऱ्या आमिलांशी. 'सौतन से छुटकारा, औलाद, नोकरी, काम की गॅरंटी' अशा चिठ्ठ्या रिक्षांत, बसस्टँडवर चिकटवलेल्या आपण रोज पाहतो. जिन्न उतरवण्याच्या नावाखाली पोरीबाळींना झोडपले जाते आणि वर नजराणाही घेतला जातो. सूरे बकराच्या एकशे दोनाव्या आयतीत मियाँ-बीबीत फूट पाडणाऱ्या जादूचा उल्लेख आहे, आणि तिथली भाषा खरेदी-विक्रीची आहे, वाईट सौद्याची आहे. आपले वडीलधारे ती आयत पाठ म्हणतात. त्यातल्या सौद्यावर मात्र कुणी बोट ठेवत नाही. आमिलाकडे जाणाऱ्या घराची मिळकत पाहिली तर ती विडी, शिलाई, हमाली यांतून आलेली असते. कष्टाचा रुपया खरा, मिळालेला तावीज कागद. खाटकाच्या पेटीत वेगळे काय होते?

याचा आपल्या साहित्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध असा की, या विषयावर आपल्याकडे दोनच प्रकारचे लेखन होते. एक सुधारकी. त्यात बाबा लबाड, बाई भोळी, शेवटी शिकलेला तरुण येऊन भांडाफोड करतो. दुसरे गूढ. त्यात अमावस्या, पिंपळ, किंचाळी. पहिल्यात जादू नसते, दुसऱ्यात जमाखर्च नसतो. सुधारकी कथा वाचून भानामतीवर विश्वास असलेला वाचक बदलत नाही, कारण ती त्याच्या भीतीला हसते. गूढकथा वाचून तो आणखी घाबरतो. दास्तान तिसरी वाट दाखवते. ती जादूला हसत नाही, तिला पुरी मोकळीक देते, महाल उभारू देते, नदी रक्ताची वाहू देते, आणि मग अमर अय्यारला आत सोडते. तो विचारतो, 'माझे किती?' त्या प्रश्नाने जी पडझड होते ती उपदेशाने होत नाही.

दास्तानची बाजू घेताना तिच्यातले उणे झाकायचे नाही. तिच्यात लुटीला लाज नाही, दुसऱ्या धर्माच्या माणसांना जादूगारांच्या पंगतीत बसवण्याची घाई आहे, आणि फौजेसाठी रोट्या भाजणारी बाई तिथेही अदृश्यच आहे. रोलिंगने निदान मुदपाकखान्याचे दार किलकिले केले, हे तिचे श्रेय मान्य करायला हवे. दोन्हींकडून घेण्यासारखे आहे. तिच्याकडून मुदपाकखाना घ्यावा, दास्तानकडून मुनीम.

म्हणून आपल्या नव्या लिहिणाऱ्यांकडे आमचे एक मागणे आहे. औशाच्या, मुखेडच्या, देगलूरच्या एखाद्या गावातली भानामती लिहा. तिला खोटी ठरवायची घाई करू नका. पण कथेत एक वही असू द्या. मांत्रिकाला कोंबडे कितीला पडले, आमिलाच्या नजराण्यासाठी कुणाची पाटली मोडली, बोअरच्या गाडीचे पैसे कुठून आणले, जिचे नाव निघाले तिची जमीन पुढच्या पेरणीला कुणाच्या औताखाली होती, हे त्या वहीत उतरू द्या. लिहिणारी त्या घरातली सून असेल तर फारच चांगले, कारण घरात किती पीठ उरले आहे हे तिलाच नेमके माहीत असते. अशी एक जरी कथा आली, तरी माळ्यावरचे गाठोडे उतरवल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.